प्रवक्ता झालीयस, तर आधी अश्रावी बाईंबद्दल वाच

अगं पोरी,

संघटनेने तुला प्रवक्ता केलं हे कळलं, अभिनंदन आहेच, पण कॅमेऱ्यासमोर बोलायची तयारी कशी करू असं तू विचारलंयस त्यावर मला जरा वेगळंच सांगायचंय. बोलणं तुला जमेल गं, त्याची काळजी नाही. त्याआधी हनान अश्रावींची सगळी कारकीर्द वाचून काढ. पॅलेस्टिनींची बाजू जगापुढे मांडणाऱ्या बाई, आणि मला विचारशील तर या कामात कुणाकडून शिकावं तर त्यांच्याकडून, जिथे मला त्यांचं पटत नाही तिथूनसुद्धा.

जन्म १९४६ चा, घर ख्रिश्चन, वडील डॉक्टर. बैरुतला इंग्रजी साहित्य शिकत होत्या आणि १९६७ चं युद्ध झालं, त्यांचा वेस्ट बँक हा पॅलेस्टिनी भाग इस्रायलच्या ताब्यात गेला, मग काय, घरी परतायचीच बंदी, ती उठली १९७३ मधे. आल्यावर बिरझैत विद्यापीठात इंग्रजी विभाग उभा केला आणि तिथेच शिकवत राहिल्या. हे विद्यापीठ इस्रायली लष्कर सारखं बंद करायचं, पहिल्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनींच्या उठावात तर १९८८ ते १९९२ कुलूपच होतं. म्हणजे बघ, जगाने बाईंना टीव्हीवर पाहिलं त्याआधी पंधरा वर्षांची मास्तरकी आणि कर्फ्यूतलं जगणं गाठीशी होतं. नुसतं इंग्रजी फाडफाड येतं म्हणून कुणी माइक हातात दिला नव्हता.

१९८८ च्या एप्रिलमधे अमेरिकेतल्या एबीसी चॅनलच्या 'नाइटलाइन'ने जेरुसलेममधे जाहीर चर्चा घेतली. एका बाजूला इस्रायली, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी, त्यांच्यात बाई, आणि मधे स्टेजवर चक्क एक बुटकी भिंत, कारण एका पंगतीला बसल्यासारखं दिसायला नको हा पॅलेस्टिनींचा आग्रह. मला हे फार आवडतं. आपण कुठे बसणार, कुणाशेजारी, कुठल्या नावाने, हे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ठरवायचं असतं. चॅनलवाले पॅनेलला बोलावतील तेव्हा समोर कोण आहे हे न विचारता हो म्हणालीस तर तोंडघशी पडशील.

मग ३० ऑक्टोबर १९९१, माद्रिदची शांतता परिषद. इस्रायलची अट होती की पीएलओचं, म्हणजे यासर अराफातांच्या पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेचं कुणी नको, पूर्व जेरुसलेमचं कुणी नको, आणि पॅलेस्टिनींनी जॉर्डनच्या जोडीने एकाच शिष्टमंडळातून यायचं. त्यामुळे जेरुसलेमचे पॅलेस्टिनी नेते फैसल हुसैनी आणि अश्रावी औपचारिक यादीत नव्हतेच. टेबलाशी खुर्ची नाही, पण बाहेर पत्रकारांची झुंबड बाईंभोवती. समोरून पत्रकारांना तोंड द्यायला कोण, तर इस्रायलचे तेव्हाचे उपपरराष्ट्रमंत्री नेतन्याहू! आणि पॅलेस्टिनी शिष्टमंडळाचे प्रमुख, गाझाच्या डॉ. हैदर अब्दुल शफींनी आत जे भाषण केलं, जे लोक अजून आठवतात, त्याच्या मसुद्यात बाईंचा मोठा हात होता. तेव्हा मसुदा जिथे लिहिला जातो त्या खोलीत तू असलीच पाहिजेस, लिहिलेलं वाचून दाखवायला तुझी गरज नाही, ते कुणीही करेल.

आता कडू भाग. वॉशिंग्टनमधे अधिकृत बोलणी चालू असताना त्याच शिष्टमंडळाला अंधारात ठेवून पीएलओच्या नेत्यांनी इस्रायलशी नॉर्वेत वेगळाच करार शिजवला, तोच ऑस्लो करार, १३ सप्टेंबर १९९३ ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर सह्या झाल्या. पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहती आणि जेरुसलेम हे प्रश्न पुढे ढकललेले, बाईंचा आक्षेप त्यावरच होता. आपलीच माणसं आपल्याला न सांगता निर्णय घेतात हे तुझ्याही वाट्याला येणार, लिहून ठेव.

तेव्हा काय करायचं? १९९६ ला त्या पॅलेस्टिनी संसदेत निवडून आल्या, अराफातांच्या सरकारात उच्चशिक्षण मंत्री झाल्या, १९९८ मधे त्या सरकारवर भ्रष्टाचाराचे आरोप गाजत असताना अराफातनी फेरबदल करून पर्यटन खातं देऊ केलं, तर बाई राजीनामा देऊन बाहेर, आणि त्याच वर्षी 'मिफ्ताह' ही संस्था काढली. २००२ मधे इस्रायलींवरचे आत्मघाती हल्ले थांबवा अशा जाहीर पत्रकावर सही केली, ते छापलं कुठे, तर अल-कुद्स या पॅलेस्टिनी दैनिकात, घरच्या पेपरात, जिथे शिव्या खायची खात्री होती. परदेशी चॅनलवर आपल्या लोकांना सुनावणं सोपं गं, घरच्या अंगणात सुनावणं अवघड.

पण सगळंच कौतुकाचं नाही. २००९ मधे पीएलओच्या कार्यकारी समितीवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या महिला, आणि बाहेर पडल्या थेट २०२० च्या डिसेंबरात, निर्णयप्रक्रियेत समितीला कुणी विचारत नाही, तरुणांना जागा द्या असं म्हणत. पॅलेस्टिनी संसदेची शेवटची निवडणूक २००६ ची, म्हणजे मधली इतकी वर्षं हे दिसतच होतं ना? मला वाटतं फार उशीर केला. आत राहूनच काहीतरी बदलता येईल असं वाटलं असेल, तेही समजतं, आपण तिथे नव्हतो.

तर तू आता एवढंच कर, पहिल्या पत्रकार परिषदेआधी कार्यकारिणीत बसून तीन गोष्टी विचारून घे: निर्णय मला कधी कळणार, मसुद्यावर शेवटचा हात कुणाचा, आणि एखाद्या गोष्टीचं समर्थन करणार नाही असं म्हटलं तर चालणार का. उत्तरं मिनिट्समधे लिहून घे, तोंडी नको. आणि कॉलेजातली ती तासिका तत्त्वावरची नोकरी सोडायचा विचार करतेयस असं तुझी आई म्हणाली, ती अजिबात सोडू नकोस, पगार कमी असला तरी. रविवारी फोन कर, मसुदा पाठवलास तर वाचून ठेवतो.