चेंडू माळ्यावरून खाली काढा

प्रश्न : माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. दहावीला 84 टक्के होते, पण पहिल्या सहामाहीत फिजिक्समध्ये कसाबसा पास झाला, मॅथ्सही घसरलं. रोज संध्याकाळी दोन तास फुटबॉल खेळायचा. दिवाळीपासून ते पूर्ण बंद केलं, चेंडू माळ्यावर टाकला आणि म्हापशाला रविवारची दुसरी ट्यूशन लावली. टाइमटेबल सोबत जोडलं आहे. आता तो घरात बसतो, शांत झाला आहे. पण एकच पान तासभर उघडं असतं, डोकं दुखतं म्हणतो, वजनही सहा किलोंनी वाढलंय. फुटबॉलवर पोट भरत नाही. गोव्यात ब्रह्मानंद शंखवाळकर किती झाले? व्यायामाचं म्हणाल तर बारावीनंतर जिम लावून देईन. नीट द्यावी की जेईई? स्मरणशक्तीचं एखादं टॉनिक सुचवाल का?
— एक पालक, डिचोली

उत्तर : नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. फिजिक्सच्या मार्कांनी मला काळजी वाटली नाही, ‘शांत झाला आहे’ या शब्दांनी वाटली. तुम्ही ते कमाईच्या खात्यात लिहिलंत. रोज मैदानावर घसा फोडून ओरडणारा सोळा वर्षांचा मुलगा तीन महिन्यांत गप्प होतो, डोकं धरतो, अंगाने सुटतो, त्याला आमच्याकडे मिटलेला म्हणतात.

मग टाइमटेबल पाहिलं. पहाटे साडेचारला उठणे, रात्री साडेअकराला झोपणे. म्हणजे पाच तास. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री 9.10 ला लाल शाईत ‘विरंगुळा, 20 मि.’ असं लिहिलंय. हे टाइमटेबल मुलाने केलेलं नाही, हे सांगायला अक्षर ओळखीचं असावं लागत नाही. पूर्ण आठवड्यात चालणं, धावणं, घाम येणं कुठेच नाही. कदंब बसच्या स्टॉपपर्यंत पायी जातो की तेही तुम्ही स्कूटरने सोडता?

शंखवाळकरांसारखा गोलकीपर पिढीत एखादाच होतो, कबूल. पण तो प्रश्न विचारलाय कोणी? आंघोळ करूनही कोणाचं पोट भरत नाही, म्हणून आपण मुलांची आंघोळ बंद करत नाही.

तुमचा खरा गैरसमज हिशोबाचा आहे. खेळाचे दोन तास वाचवले की ते आपोआप अभ्यासात जमा होतात, असं तुम्ही धरून चाललात. ते जमा झाले नाहीत, हे तुमचंच पत्र सांगतं : एक पान, एक तास. अभ्यासाला नुसतं बसणं पुरत नाही. लक्ष धरून ठेवावं लागतं, गणिताची आधीची पायरी डोक्यात ठेवून पुढची मांडावी लागते, मोबाईलकडे जाणारा हात आवरावा लागतो. हे काम मेंदूच्या पुढच्या भागाचं, आणि तो भाग विशीतही पक्का होतच असतो. व्यायाम आणि झोप या दोन्हींचा त्याच्यावर परिणाम होतो. अमेरिकेत 7 ते 9 वर्षांच्या मुलांना नऊ महिने शाळा सुटल्यावर धावपळीचे खेळ खेळवले. लक्ष टिकवण्यात आणि मन आवरण्यात ती मुलं न खेळवलेल्या मुलांच्या पुढे गेली. तुमच्या मुलाच्या वयाचा दाखला स्वीडनचा आहे. तिथे लष्करभरतीच्या वेळी अठराव्या वर्षी मुलग्यांचा दमही तपासत आणि बुद्धीही. 1950 ते 1976 मध्ये जन्मलेल्या सुमारे 12 लाख जणांच्या नोंदींचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा दम चांगला, त्यांचे बुद्धिचाचणीतले गुण सरासरीने जास्त. 15 ते 18 या वयात ज्यांचा दम वाढला, ते दम घटलेल्यांपेक्षा पुढे. नुसत्या नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हे मीही जाणतो. पण त्याच नोंदींत स्नायूंच्या ताकदीचा बुद्धीशी असा संबंध दिसला नाही. तेव्हा बारावीनंतरची तुमची जिम वयानेही उशिराची आणि जातीनेही वेगळी. धाप लागेल असं काहीतरी हवं, आणि ते आता हवं. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला दिवसाला सरासरी 60 मिनिटं सांगते. तुमचा मुलगा 120 मिनिटं करत होता, फुकटात!

उलट टोकालाही जाऊ नका. धावून व्हेक्टर येत नाहीत. दहावीचे 84 टक्के बरेचसे पाठांतराने मिळू शकतात, अकरावीचं फिजिक्स तसं मिळत नाही. पहिल्या सहामाहीचा पेपर घेऊन त्याच्या कॉलेजच्या सरांकडे बसा आणि गळती कुठे आहे ते शोधा. माझा अंदाज त्रिकोणमितीवर आहे.

नीट की जेईई? डॉक्टर व्हायचं तर नीट, इंजिनीअर व्हायचं तर जेईई. त्याला यातलं काय व्हायचंय, की यातलं काहीच नाही, हे तुमच्या दीड पानी पत्रात कुठेही आलेलं नाही. तोपर्यंत या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. टॉनिक नको. त्या पैशांत फुटबॉलचे स्टड बूट घ्या, जुने आता आखूड झाले असतील.

उद्यापासून साडेपाच ते साडेसहा मैदान. दोन तास नको, एक पुरे. घरी येऊन आंघोळ, खाणं, आणि मग पहिलं फिजिक्स, कारण डोकं तेव्हा ताजं असतं. पावसात मैदानात पाणी साचलं तर दोरीच्या उड्या. रात्री दहाला दिवा बंद, पहाटेचं साडेचार रद्द. याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांना दाखवा : डोळे, वजन, डोकेदुखी. पंधरा दिवस खेळूनही तो गप्पच राहिला, तर अभ्यासाचं सगळं बाजूला ठेवून समुपदेशकाकडे न्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा नंबरही आहे. आईला त्याच्याशी एकटीने बोलू द्या, तुम्ही त्या वेळी बाजारात जा.

म्हापशाची रविवारची ट्यूशन सोडा. भरलेली फी परत मिळणार नाही, ती गेली असं समजा.