चौथीतल्या मुलीने शाळेच्या निवडणुकीत उभं राहावं का? एवढ्या लहान वयात नेतृत्व वगैरे कळतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलीला वर्ग प्रतिनिधी म्हणून उभं राहायचंय, पण तुम्हाला वाटतं हा नुसता कोण जास्त लाडकं आहे याचा खेळ असतो आणि हरली तर उगाच मनाला लावून घेईल. मी प्राथमिकला शिकवते, बरीच वर्षं शाळेतलं विद्यार्थी मंत्रिमंडळ माझ्याकडे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उभं राहू द्या तिला. फक्त निवडणुकीकडे फार बघू नका, ती एका दिवसात संपते. मुलं जे काही शिकतात ते पुढे, मीटिंग संपवून आपल्या वर्गात परत येतात आणि पोरं विचारतात "काय झालं आपलं?" तेव्हा.

तिसरीतला एक प्रतिनिधी मला अजून डोळ्यासमोर दिसतो. मधल्या सुट्टीत मोठं मैदान कायम वरच्या वर्गातल्या मुलांकडे असायचं, तर याच्या वर्गाने सांगितलं की आम्हालाही रोज पाहिजे, तू जाऊन माग. मीटिंगमध्ये चर्चा झाली आणि आठवड्यातले दोनच दिवस मिळाले. हा वर्गात येऊन उभा राहिला, हातात वही, म्हणाला "रोज नाही मिळालं, दोन दिवस मिळालं." मागून एक जण ओरडला, मग तू गेलास कशाला! त्याचे डोळे भरून आले, मी मागेच उभी होते, अगदी तोंडावर आलं होतं की मध्ये पडावं, पण थांबले. त्याने वही उघडली आणि म्हणाला, "मी तीनदा मागितलं. ते का नाही म्हणाले ते मी लिहून आणलंय, वाचू?" आणि अडखळत वाचलं, की लहान आणि मोठी मुलं एकत्र पळाली की धडकतात, बॉल लागतो, लक्ष ठेवायला एकच शिक्षक असतात वगैरे. वर्ग शांत झाला. मग एका मुलीने विचारलं, दोन दिवस कुठले ते तरी आपण ठरवायचं का? पुढच्या मीटिंगला तो तेवढाच प्रश्न घेऊन गेला आणि दिवस त्यांनीच ठरवले.

आठ वर्षांच्या मुलाने "नाही" हे उत्तर कारणासकट आपल्या माणसांपर्यंत आणलं, शिव्या खाल्ल्या आणि परत त्यांच्याच कामाला गेला. मला तरी याहून मोठं नेतृत्व माहीत नाही.

पण हे सगळ्याच शाळांत होत नाही हेही खरंय. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. बिल्ला लावून पाहुण्यांना गुच्छ देणारं मंत्रिमंडळ तिथेच अडकलेलं असतं. म्हणून शाळेत जाऊन नक्की विचारा की मीटिंग किती वेळा होते, विषय मुलं सुचवतात का, आणि मुलांच्या सांगण्यावरून गेल्या वर्षी एखादी तरी गोष्ट बदलली का. वेल्समध्ये 2006 पासून सरकारी प्राथमिक शाळांना विद्यार्थी परिषद सक्तीची आहे आणि वर्षातून किमान सहा बैठका घ्याव्या लागतात, ते मला फार पटतं, कारण वर्षातून एकदाच बसलं तर मुलांना विसरायलाच होतं.

मतदान कसं घेतात तेही विचारा. हात वर करायला लावले की मुलं आधी शेजारी बघतात, जिवलग मैत्रिणीने हात वर केला की आपोआप आपला पण वर. आम्ही चिठ्ठ्या सुरू केल्या, मतपेटी म्हणून खोकं, आणि उभं राहणाऱ्याने फक्त एकच सांगायचं, वर्गासाठी कुठलं काम करणार. त्या वर्षी पहिल्यांदा कमी बोलणारी एक मुलगी निवडून आली.

लहान मुलांना न्याय-अन्याय कळतो का, असं कुणी विचारलं की मला पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोरचाक आठवतात. वॉर्साच्या त्यांच्या अनाथाश्रमात मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं, न्यायाधीश मुलंच, आणि खुद्द कोरचाक सुद्धा आपल्या चुकांसाठी त्या न्यायालयापुढे उभे राहिले होते. मोठ्यांनी असं खाली उतरायची तयारी ठेवली तर मुलं जबाबदारी अगदी मनापासून घेतात, हे मी स्वतः पाहिलंय.

हरण्याचं म्हणाल तर रडेल, एक-दोन दिवस. तेव्हा "जाऊ दे, त्यात काय एवढं" असं प्लीज म्हणू नका, तिच्यासाठी ते खरंच एवढं मोठं असतं. रडू द्या, आणि मग विचारा की तू जे काम करणार होतीस ते निवडून आलेल्या मुलाला सांगशील का. बऱ्याचदा ही मुलंच पुढे सगळ्यात जास्त विषय आणतात.

आणि निवडून आली तर पहिल्या मीटिंगनंतर घरी आल्यावर मीटिंगमध्ये काय बोललीस हे नंतर विचारा, आधी विचारा वर्गाला जाऊन काय सांगितलंस. एक छोटी वही मात्र आजच घेऊन द्या तिला.