शिष्याने काढलेलं गुरूचं चित्र म्हणजे गुरूच्या आत्मचित्राची नक्कलच का?

तुमचा प्रश्न असा : चिनी चित्रकार जिन नोंग यांनी १७५९ साली स्वतःचं चित्र काढलं, आणि दुसऱ्याच वर्षी शिष्य लुओ पिंग याने त्यांचं चित्र काढलं, तर ती नक्कलच ना? मला तसं अजिबात वाटत नाही.

आधी गुरूचं चित्र बघा. ते बीजिंगच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. नुसती शाई आणि कागद. लांब दाढीचा म्हातारा काठी धरून उभा. वय ७३ असं त्यांनीच वर लिहिलंय (चिनी मोजणीने, आपल्या हिशेबाने ७२). चेहरा आणि कपड्यांच्या चुण्या ‘एकरेघी’, म्हणजे सलग एका रेघेच्या पद्धतीने काढल्या, त्यात पाचव्या शतकातला चित्रकार लू तानवेई आपला गुरू, असंही लिहितात. मग ते चित्र त्यांनी गावाकडच्या जुन्या मित्राला, शिक्के कोरणाऱ्या दिंग जिंगला पाठवलं.

मी कुंचल्याने त्या अंगरख्याची रेघ काढून बघितली आहे. हात क्षणभर जरी अडखळला तरी तिथे शाई फुटते, आणि फुटलेली शाई खोडता येत नाही. कितीतरी कागद वाया गेल्यावर कळलं, की ती रेघ काढताना माणूस पूर्ण जागा असावा लागतो. त्या चित्रातला म्हाताराही तसाच आहे, ताठ आणि जागा.

आता लुओ पिंगचं चित्र, शांघाय संग्रहालयातलं. पद्धत तीच, बारीक बाह्यरेषेची. पण इथे गुरुजी केळीच्या सावलीत दुपारचे चक्क झोपलेत! झोपलेला स्वतःचा चेहरा कुणालाच दिसत नाही. तो जवळच्या माणसानेच बघावा लागतो. जे गुरूला काढणं शक्यच नव्हतं ते शिष्याने काढलं, मग नक्कल कशी म्हणायची?

आणखी एक. जिन नोंग यांच्या नावावरची बरीच चित्रं लुओ पिंगसारख्या शिष्यांनी काढून दिलेली आहेत. या चित्रावर मात्र गुरूंनी स्वतः लिहिलंय, की माझा काव्यशिष्य लुओ पिंग हल्ली व्यक्तिचित्रं छान काढतो, त्याने हे काढलं. खाली चार-चार अक्षरांची कविता : महाशय पेंगताहेत, पेंगू द्या, राजधानीतले मंत्री काही इकडे यायचे नाहीत.