सात रात्री, चार खोल्या

चि. सौ. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. सासऱ्यांनी "तू बी.कॉम. आहेस, नवी पेठेत सरांकडे हिशेब शिकलीस, तूच सांग घ्यायचं का नाही" म्हणून ते रिसॉर्टच्या सभासदत्वाचं (एकदा मोठी रक्कम भरा, मग पंचवीस वर्षं दरवर्षी काही रात्री राहा) गुळगुळीत ब्रोशर तुझ्या हातात दिलं, याचा मला आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. नको म्हणालीस तर मुलांचं महाबळेश्वर तुझ्यामुळे बुडालं. हो म्हणालीस तर पंचवीस वर्षं फीचं बिल आलं की तुझी आठवण निघणार. फोनवर बोललो असतो, पण आकडे कागदावरच बरे असतात.

आधी डोकी मोज. सासू-सासरे, तिघे भाऊ, तुम्ही तिघी जावा, आत्या आणि सहा मुलं. पंधरा. तुला दाखवलेल्या कार्डावर लिहिलंय, "दरवर्षी 7 रात्री". या सात रात्री घराच्या नाहीत, एका खोलीच्या आहेत. सगळी मेख इथेच आहे. साध्या खोलीत दोन मोठे आणि दोन लहान, एवढीच परवानगी असते. म्हणजे तुम्हा तिन्ही जोडप्यांना तीन खोल्या आणि चौथी सासू-सासऱ्यांना, त्यात आत्यांसाठी जादा गादी, तिचे पैसे वेगळे. चार खोल्या घेतल्या की पहिल्याच रात्री सातातल्या चार संपल्या. दुसऱ्या रात्रीला एक कमी पडते. यंदा न जाता त्या पुढच्या वर्षावर टाकल्या (काही योजनांत तशी सोय असते) तर चौदा होतील, म्हणजे दोन वर्षांतून एकदा तीन रात्री. ब्रोशरवरच्या चौकोनी कुटुंबाला सात रात्री हा खरोखर आठवडा असतो. तुमच्या घराला तो दोन रात्रीही पुरत नाही. मोठ्या खोल्यांची योजना असतेच, पण तिची किंमतही तशीच मोठी.

आता पैसे. तू पाठवलेले आकडे घेतो: सुरुवातीला 4,80,000 आणि दरवर्षी 22,000 फी. फीवर 18 टक्के जीएसटी धरला की 25,960. पावणेपाच लाखांच्या वर गेलेली ती रक्कम बँकेत 7 टक्क्यांनी ठेवली असती तर वर्षाला 33,600 व्याज आलं असतं. ते बुडालं, म्हणून तेही खर्चातच धर. दोन्ही मिळून 59,560. भागिले सात, म्हणजे एका खोलीची एक रात्र सुमारे 8,509 रुपयांना पडली. यात चहासुद्धा नाही. पंचविसाव्या वर्षी मुद्दल परत येत नाही, ते आणखी वेगळं. हप्त्यांवर घेतलंत तर त्याचं व्याज वर. आणि फी आहे तिथे राहत नाही. वर्षाला 7 टक्के वाढली तरी दहा वर्षांत जवळपास दुप्पट होते. करारात फीवाढीला मर्यादा घातली आहे का, ते शोध. टॅक्सवाला म्हणून एक जाता जाता सांगतो: सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या हॉटेलखोलीवर जीएसटी 5 टक्के झालाय. ज्या दिवशी जाल त्या दिवशी खोली घेणाऱ्याच्या बाजूने काटा एवढा झुकलाच.

रंगांचं प्रकरण तुला त्यांनी घाईत सांगितलं असणार. वर्षाचे तुकडे पाडून त्यांना रंग दिलेले असतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीचा रंग सगळ्यात महाग, पावसाळ्याचा स्वस्त. तुमच्या घरी आत्तापर्यंत सगळे मिळून कधी बाहेर पडलात? जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, तेव्हा उलट पाहुणे तुमच्याकडे. श्रावणात आत्यांचे उपास. मग गौरी-गणपती. दिवाळीला कारखान्याचे माग बंद असतात, तेव्हाच तिन्ही भाऊ मोकळे. नाहीतर मे, जेव्हा सोलापूर बेचाळीसच्या वर तापतं आणि सगळ्या महाराष्ट्राला एकदम महाबळेश्वर आठवतं. स्वस्तातला रंग तुमच्या कामाचा नाही, आणि महागातला घेतला तरी त्याच दिवसांवर सगळ्या सभासदांचा डोळा. त्यात एकाच रिसॉर्टमध्ये, एकाच तारखेला, चार खोल्या हव्यात. सेल्सवाला जून 2025 मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून सुरू झालेल्या गोव्याच्या विमानाचंही नाव घेईल. जाऊन-येऊन तीस तिकिटं होतात, ती त्याच्या कागदावर नसतात.

हे सगळं मला इतकं पाठ कसं, असं तुला वाटेल. 2004 साली मी स्वतः फसलो होतो. फसलो म्हणजे कोणी लुबाडलं नाही, मीच मोजलं नाही. पेट्रोल पंपावर कूपन भरलं होतं. फोन आला, "सर, गिफ्ट लागलंय, मॅडमना घेऊन या." हॉटेलच्या हॉलमध्ये वीसेक टेबलं, गाणी लावलेली. दर दहा मिनिटांनी एखाद्या टेबलावर टाळ्या वाजायच्या, अमुक कुटुंब सभासद झालं म्हणून. दोन तासांत तीन माणसं आली, प्रत्येक आधीच्याहून मोठा साहेब, आणि प्रत्येकाने किंमत थोडी खाली आणली. लोकांच्या ताळेबंदातली पाच रुपयांची चूक पकडणारा मी, "आजच्यापुरतं" या शब्दाला भुललो. तिसऱ्या साहेबाला चेक दिला. आमच्याही टेबलावर टाळ्या वाजल्या.

दोन दिवाळ्या "अव्हेलेबल नाही" ऐकण्यात गेल्या. शेवटी ऑगस्टमध्ये कोकणात जागा मिळाली, भर पावसात. दादा-वहिनींनाही घेऊन गेलो, आईही होती. काउंटरवरच्या मुलाने पेनच्या टोकाने आम्हाला मोजलं आणि नम्रपणे सांगितलं, खोलीत चारच. जादा माणसांचे पैसे, जादा गाद्या, नाश्त्याची कुपनं वेगळी. दादाने खिशात हात घातला, मी त्याचा हात धरला, आणि काउंटरसमोर आमची दोघांची ओढाताण. रात्री बुफेचे दर बघून आई म्हणाली, मला भूक नाही. खोलीत आल्यावर तिने पिशवीतून कडक भाकरी काढली, शेंगाची चटणी काढली आणि पांढऱ्याशुभ्र चादरीवर वर्तमानपत्र पसरून मोडत बसली. दहा मिनिटांत आम्ही सगळेच भोवती. ट्रिपमधलं मुलांना आजही आठवतं ते एवढंच. चादरीवरच्या चटणीच्या डागाचे पैसे मी भरले.

तेव्हा जेवणाचं आधी विचार. रिसॉर्ट गावापासून लांब असलं की जेवण तिथेच, त्यांच्या दराने, पंधरा ताटं गुणिले तीन वेळा. कित्येकदा खोलीपेक्षा जेवणच महाग पडतं.

दुसरी गोष्ट तू सासऱ्यांपुढे बोलू शकणार नाहीस, म्हणून मी लिहितो. पत्र वाटल्यास त्यांनाच वाचायला दे. सभासदत्व कोणाच्या नावावर? मोठ्या दिरांच्या नावावर घेतलं आणि पैसे तिघांनी भरले, असंच होणार ना? पंचवीस वर्षांचा करार आहे. तुझा सहा वर्षांचा मुलगा तोवर एकतीसचा होईल. मधे कोणाच्या मुलांची दहावी-बारावी, कोणी पुण्याला जाईल, आणि वाटण्या सगळ्यांच्याच घरी होतात, भांडण न होताही होतात. हे घर नाही, त्याचा सातबारा नाही की इंडेक्स टू नाही. तो फक्त राहण्याचा हक्क आहे. तिघांत वाटून देता येत नाही, आणि विकायला काढलंत तर भरलेल्या पैशांच्या जवळपासही कोणी येत नाही. "सर, ही इन्व्हेस्टमेंट आहे" असं जो म्हणेल, त्याच्या पुढच्या वाक्यावर विश्वास ठेवू नकोस. एक वर्ष फी थकली की बुकिंग बंद, थकबाकी मात्र चालू. आणि पाळीपाळीने जायचं ठरवलंत तर दिवाळीची पाळी कोणाची यावरून अबोला धरणारी घरं मी पाहिली आहेत.

तरी रविवारी कंपनीच्या हॉलमधल्या कार्यक्रमाला जाणारच असाल तर जा, ज्यूस चांगला असतो. चेकबुक आणि कार्डं घरी ठेवा. कोऱ्या कराराची प्रत मागा, देत नसतील तर उठा. तोंडी सांगितलेलं प्रत्येक वाक्य, "चार खोल्या एकत्र देऊ", "दिवाळी नक्की", त्यांच्याकडून लिहून घ्या. मग पेन कसं थबकतं बघ. बऱ्याच कंपन्यांच्या करारात सही केल्यापासून दहा दिवसांत रद्द करण्याचं कलम असतं. ते किती दिवसांचं आहे, दिवस कधीपासून मोजतात, काय कापून घेतात, हे सहीच्या आधी वाच. रद्द करायची वेळ आली तर फोनवर नाही, ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या आयोगात, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

सभासदत्व वाईटच असतं असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीचं एक निवृत्त जोडपं आहे. दोघंच, तारखेचं बंधन नाही, आठ-आठ महिने आधी बुकिंग करतात, पावसाळ्यातच जातात. त्यांचे पैसे वसूल झालेत. चौघांचं घर, दरवर्षी न चुकता जाणारं, तेही बसेल त्यात. पंधरांचं नाही. मी तुझ्या जागी असतो तर नको म्हणालो असतो.

पण नुसतं नको म्हणून जाऊ नकोस, दुसरा कागद घेऊन जा. तिन्ही घरांनी महिन्याला दोन-दोन हजार बँकेत आवर्ती ठेवीत टाकायचे, तिघांच्या संमतीशिवाय मोडायची नाही. वर्षाला 72,000 आणि व्याज. सतरा सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर, पाचगणीकडे किंवा कोकणात एक अख्खा बंगला, सगळे एका छताखाली. एखाद्या वर्षी कोणी आजारी पडलं, पैसे तिथेच आहेत. फक्त बंगल्यात एक धोका आहे, आणि तो पुरुषांना दिसत नाही. स्वयंपाकघर असलं की तुम्ही तिघी ओट्यापाशी. इथे पंधरा माणसांचा स्वयंपाक, तिथेही पंधरांचाच, वर अनोळखी शेगडी. रिसॉर्टचं एवढं मात्र मानायला हवं, तिथे कोणी तुझ्याकडे फोडणीसाठी बघत नाही. म्हणून बजेटमध्ये स्वयंपाकाच्या बाईंचे पैसे पहिल्या ओळीत लिही, टेम्पोच्याही आधी. शेवटी लिहिलेस तर ते कापले जातील.

शनिवारी पाचनंतर मी ऑफिसात आहे. कराराची प्रत मिळाली तर घेऊन ये, बारीक अक्षरं दोघं मिळून वाचू. माझा चष्मा बदललाय, तरी मोठं भिंग ड्रॉवरमध्ये आहेच.

तुझा,
सर

ता. क. आत्यांना कुठे जायचंय, हे कोणी विचारलंय का? माझा अंदाज, त्या गाणगापूर म्हणतील. ते सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखं आहे, त्याला कार्ड लागत नाही.