मुलीचे वसतिगृह आणि 27 जुलैची मुदत

सांगोला तालुक्यातील एक डाळिंब उत्पादक वाचक लिहितात: "मुलीला सोलापूरच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठाच्या वसतिगृहात ठेवल्यास राहणे आणि जेवण मिळून वर्षाला 45 हजारांपर्यंत खर्च येईल, असा माझा अंदाज आहे. नातेवाईक म्हणतात, वसतिगृहात अभ्यास होत नाही, जुळे सोलापुरात 5 हजारांची खोली बघा. काय करावे? पैशांची अडचण नाही. 4 लाखांची ठेव मोडायला गेलो, तेव्हा बँकेतल्या साहेबांनी त्यातल्या एका लाखाची पॉलिसी मुलीच्या शिक्षणासाठीच काढून दिली. दरवर्षी 1 लाख असे 10 वर्षे भरायचे, 15 वर्षांनी साडेपंधरा लाख हमखास. पुढचे हप्ते डाळिंबातून निघतील. कागद 27 जूनला पोस्टाने आले."

आपला प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी उरकतो. विद्यापीठ पुणे रस्त्यावर केगावला आहे आणि जुळे सोलापूर विजापूर रस्त्याच्या अंगाला; म्हणजे मुलीला रोज सगळे शहर ओलांडून जावे-यावे लागेल. 5 हजारांची खोली वर्षाला 60 हजारांना पडते, कारण सुट्टीत मुलगी गावी आली तरी घरमालक भाडे सोडत नाही. खानावळीचे 10 महिन्यांचे 30 हजार आणि रिक्षा-बसचे 10 हजार धरले की झाले एक लाख. विजेचे बिल आणि घरमालकाची अनामत यात धरलेली नाही. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा पिंप भरून ठेवण्याचे काम तिच्याकडेच येईल. सल्ला देणाऱ्या नातेवाइकांपैकी कोणी वरचे 55 हजार देणार असेल तर गोष्ट वेगळी. एरवी वसतिगृह घ्यावे.

तिथे प्रवेश घेताना अनामत रकमेची पावती वेगळी मागावी आणि ती रक्कम परत मिळणारी आहे, असे त्या पावतीवर लिहून घ्यावे. खानावळीत खाडा धरतात का आणि त्यासाठी किती दिवस आधी सांगावे लागते, हेही पहिल्याच दिवशी विचारावे, कारण दिवाळीला घरी आलेल्या मुलीच्या जेवणाचे पैसे निमूटपणे कापले जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. खोली ताब्यात घेताना खाट, पंखा आणि खिडकीच्या काचेचे फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत. दोन वर्षांनी आधीच फुटलेल्या काचेचे पैसे अनामतीतून वळते होत नाहीत. कुलूप, बादली, गादी घरून न्यावी. चादर सोलापुरात न्यायची काय, हा प्रश्न मी सोडून देतो.

आता आपण जे विचारलेच नाही, त्याकडे वळतो. मुलगी आज साधारण 21 वर्षांची असेल. तिच्या शिक्षणाचा खर्च या महिन्यापासून पुढची दोन वर्षे आहे आणि तिच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेल्या पॉलिसीचे पैसे ती 36 वर्षांची झाल्यावर हाती येणार आहेत. त्या वेळी फार तर तिच्या मुलांच्या शाळेची फी त्यातून भरता येईल. बँकेतल्या साहेबांनी ठेव मोडण्याचे कारण ऐकले असेल, तर त्यांना हे कळले नाही असे म्हणणे मला कठीण जाते.

हमखास शब्दाचाही हिशेब करू. 10 लाख भरून 15 वर्षांनी साडेपंधरा लाख मिळणे म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वाचार टक्के. हेच हप्ते सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीपीएफमध्ये भरले, तर तेथे 2020 पासून असलेला 7.1 टक्के दर पुढेही राहिल्यास सुमारे 21 लाख होतात. शिवाय पीपीएफमध्ये वर्षाला किमान 500 रुपये भरले तरी खाते चालू राहते. पॉलिसी तशी सवलत देत नाही, आणि आपले उत्पन्न तर बहार धरण्यावर, तेल्या रोगावर आणि बाजारभावावर अवलंबून आहे. डाळिंबातून सलग नऊ वर्षे, ठरलेल्या तारखेला एक लाख रुपये निघतील, हे गृहीत धरण्याचे धाडस आपण शेतकरी असून कसे केले?

आकडे मांडून पाहा. वसतिगृहाचे 45 हजार, फी आणि परीक्षा शुल्क मिळून 30 हजार, पुस्तके व येण्याजाण्याचे 25 हजार असे धरले, तर वर्षाला एक लाख आणि दोन वर्षांना दोन लाख होतात. ठेवीतले तीन लाख उरले आहेत, त्यातून दोन लाख शिक्षणाला गेले की एक लाख राहतो आणि तो पुढच्या हप्त्यात जातो. तिसरा हप्ता भरायची वेळ येईल तेव्हा घरात रोख शिल्लक शून्य असेल, आणि मध्येच पॉलिसी सोडली तर भरलेल्या रकमेपैकी बरीच बुडेल. वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर पात्रता तपासून अर्ज जरूर करावा, पण ते पैसे या हिशेबात धरू नयेत. मंजूर झाले तरी ते बहुधा खर्च होऊन गेल्यावर येतात.

सुदैवाने पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. आपली मुदत 27 जुलैला संपते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा हिस्सा वजा होऊन बाकी हप्ता परत मिळतो. तो मिळाला की पहिल्या वर्षाचा एक लाख बचत खात्यात, दुसऱ्या वर्षाचा एक वर्षाच्या ठेवीत आणि उरलेले जवळजवळ दोन लाख घर व बागेच्या अडचणीसाठी वेगळ्या ठेवीत ठेवावेत. दोन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजाराकडे नेऊ नये. विम्याची गरज असेल, तर साधा मुदत विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, स्वतंत्रपणे घ्यावा.

पॉलिसी परत करण्याचा अर्ज बँकेला नव्हे, विमा कंपनीला लिहावा आणि त्याला पॉलिसीचे मूळ कागद व रद्द केलेला धनादेश जोडावा. पोस्टाचे पाकीट त्यावरील तारखेच्या शिक्क्यासह जपून ठेवावे, कारण कागद कधी मिळाले याचा पुरावा तेच आहे. बँकेत "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या" असे सांगतील. आपण थांबू नये. कंपनीच्या शाखेत अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. कंपनीने टाळाटाळ केली, तर याच पोचेच्या आधारे आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि त्यानंतर पुण्यातील विमा लोकपालांकडे दाद मागता येते, म्हणून पोच हाती पडल्याशिवाय शाखेतून उठू नये.