परदेशातील खेड्यात निवृत्ती : मागे राहणाऱ्याचा विचार आधी

प्रश्न : मी ६२ वर्षांचा असून एका खासगी अभियांत्रिकी कंपनीतून निवृत्त झालो आहे. पत्नी ५९ वर्षांची असून अनुदानित शाळेतून नुकतीच निवृत्त झाली. आम्ही पुण्यात सहकारनगरला स्वतःच्या सदनिकेत राहतो, वारज्याची छोटी सदनिका भाड्याने दिली आहे. मुलगी नेदरलँड्समध्ये असते. तिच्यासोबत पोर्तुगालच्या आलेन्तेझू भागात फिरलो, तेव्हापासून तिथल्या एखाद्या खेड्यात उरलेले आयुष्य शांतपणे घालवावे, असे मनाने घेतले आहे. आमच्या गल्लीत एकामागून एक इमारतींचा पुनर्विकास चालू आहे आणि दुपारची झोपही नशिबी राहिलेली नाही. पत्नीची पेन्शन ५५ हजार, भाडे २५ हजार आणि माझी ॲन्युइटी (विमा कंपनीकडून मिळणारे निवृत्तिवेतन) व व्याज मिळून ७० हजार, असे महिन्याला दीड लाख रुपये येतात. हे जमेल का? सहकारनगरची सदनिका विकून तिथे जुने दगडी घर घ्यावे का? आणि सहा महिने पुणे, सहा महिने पोर्तुगाल असे राहता येईल का?

(पत्राखाली वेगळ्या हस्ताक्षरात : मला गाडी चालवता येत नाही, तिकडची भाषाही येत नाही. ह्यांना काही झाले तर मी तिथे कोणाला हाक मारू?)

उत्तर : आपल्या तीनही प्रश्नांची उत्तरे देतो, परंतु पत्राखालची ती ओळ मला या तिन्हींपेक्षा महत्त्वाची वाटली, म्हणून सगळा हिशेब तिच्या अंगाने मांडतो. परदेशात निवृत्त होण्याचा बेत दोघे मिळून आखतात आणि त्यातला शेवटचा काळ बहुधा एकालाच काढावा लागतो. तो काळ ज्याच्या वाट्याला येईल, त्याला त्या गावात राहता येईल किंवा तिथून सुखरूप परत येता येईल, अशी तजवीज आधी झाली पाहिजे. ती होत नसेल तर बेत कितीही देखणा असला, तरी मी तो करू नका असेच सांगेन.

प्रथम परवान्याविषयी. अमेरिकेत निवृत्तांसाठी असा स्वतंत्र व्हिसाच नाही. ब्रिटनने तो मार्ग २००८ मध्ये बंद केला आणि ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये. त्या मानाने पोर्तुगालची दारे उघडी आहेत. पेन्शन, भाडे, व्याज अशा नियमित उत्पन्नावर राहू इच्छिणाऱ्यांसाठी ‘डी-७’ नावाचा व्हिसा आहे. त्यासाठीची किमान मिळकत तिथल्या किमान वेतनाशी जोडलेली असते आणि जोडीदारासाठी तिच्या निम्मी रक्कम वाढते. २०२५ मध्ये किमान वेतन महिना ८७० युरो होते. म्हणजे दोघांसाठी १,३०५ युरो. युरो शंभर रुपयांचा धरला, तर हे १ लाख ३० हजार ५०० रुपये होतात. आपले दीड लाख त्यात बसतात. मात्र ते किमान वेतन दरवर्षी वाढते आणि रुपयाचा भाव आपल्या हातात नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता तोच हिशेब एकासाठी करून पाहा. ॲन्युइटी केवळ आपल्या हयातीपुरती असेल, तर आपल्या पश्चात पत्नींकडे पेन्शन आणि भाडे मिळून ८० हजार रुपये उरतात आणि एकट्या व्यक्तीची गरज वरच्याच दराने ८७ हजारांची आहे. व्याज येत राहिले तर ही तूट भरून निघेलही, पण मग ठेवींवर पत्नींचे नाव पहिले किंवा निदान संयुक्त हवे. त्यामुळे ॲन्युइटीच्या कागदांवर ‘जोडीदारासह हयातीपर्यंत’ असा पर्याय निवडलेला आहे का, हे आजच पाहावे. त्याचबरोबर मूळ अर्ज आपला आणि पत्नींचा परवाना केवळ कुटुंब म्हणून, असे असेल, तर आपल्या पश्चात त्या परवान्याचे काय होते हे तिथल्या वकिलाकडून लेखी घ्यावे. खरे तर स्वतःची खात्रीशीर, तहहयात पेन्शन पत्नींना आहे. तेव्हा मुख्य अर्जदार त्यांनीच व्हावे का, हा विचार मी गांभीर्याने करायला सांगतो.

कागदपत्रांत वेळ जातो तो अनपेक्षित ठिकाणी. आपल्या पिढीतील अनेकांनी लग्नाची नोंदणी त्या वेळी केलेलीच नसते. ती क्षेत्रीय कार्यालयात आता करावी लागेल आणि दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, घ्यावे लागेल. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे आणि पेन्शनच्या आदेशावर तिसरेच आडनाव-वडिलांचे नाव असा घोळ असेल, तर तो अर्ज करण्यापूर्वी मिटवावा.

सहा-सहा महिन्यांच्या वाटणीविषयी मात्र मला स्पष्ट ‘नाही’ म्हणावे लागते. पहिला निवास परवाना दोन वर्षांचा असतो आणि त्याच्या मुदतीत सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने किंवा एकूण आठ महिन्यांपेक्षा अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास तो धोक्यात येतो. दोन वर्षांत आठ महिने, म्हणजे वर्षाला सरासरी चार. त्यात कोणाचे आजारपण, घरातले कार्य, बँकेची कामे बसवायची आहेत. शिवाय वर्षभरात १८३ दिवसांहून अधिक काळ तिथे राहिलात, की तिथल्या करकायद्याने आपण तिथले रहिवासी होता आणि जगभरातील उत्पन्न तिथे दाखवावे लागते. परदेशी निवृत्तांना पूर्वी मिळणारी मोठी करसवलत २०२४ पासून नव्या येणाऱ्यांसाठी बंद झाली आहे. जुन्या लेखांवर विसंबून हिशेब करू नये. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण शासकीय तिजोरीतून येणारी पेन्शन आणि खासगी ॲन्युइटी यांना अशा करारांत वेगवेगळे नियम असतात. आपल्या घरात दोन्ही प्रकार आहेत, म्हणून आंतरराष्ट्रीय कराचे काम करणाऱ्या सनदी लेखापालांचा सल्ला घेणे अपरिहार्य आहे.

सहकारनगरची सदनिका विकू नये. निदान पहिली काही वर्षे तरी नाहीच. परतीचा रस्ता म्हणजे तेच घर आहे, आणि पुण्यात एकदा विकलेले घर त्याच भागात त्याच पैशांत पुन्हा मिळत नाही. पुनर्विकासाचा आवाज आज नकोसा होतो हे मी समजू शकतो, पण तो काही वर्षांत थांबेल. पुढे विकावेच लागले, तर एक तांत्रिक बाब आधीच माहीत असावी : आपण अनिवासी झाल्यावर घर विकल्यास खरेदीदाराला निवासी विक्रेत्याच्या वेळी लागणाऱ्या एक टक्क्यापेक्षा कितीतरी अधिक कर कापावा लागतो आणि तो कमी करून घेण्यासाठी आयकर खात्याकडून प्रमाणपत्र आणावे लागते. वारज्याच्या भाड्यातूनही भाडेकरूला कर कापून भरावा लागतो. अनेक भाडेकरू त्या कटकटीला नकार देतात.

बँकेतील बचत खाती कायमच्या उद्देशाने देश सोडल्यावर एनआरओ (अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीचे खाते) प्रकारात बदलावी लागतात. पीपीएफ खाते मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, मात्र अनिवासी झाल्यावर त्याला मुदतवाढ मिळत नाही. गावाकडे शेतजमिनीत वाटा असेल, तर तो राहतो. नवी शेतजमीन किंवा फार्महाऊस मात्र अनिवासी भारतीयाला विकत घेता येत नाही. तिकडे राहत असतानाच मुळशीला किंवा भोरला शेतजागा घेऊन ठेवू, असा विचार मनात असेल, तर हे विसरू नये. जाण्यापूर्वी पैसे पाठवायचे झाल्यास प्रत्येकी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि दहा लाख रुपयांच्या वर बहुतेक कारणांसाठी २० टक्के कर आगाऊ गोळा केला जातो. तो नंतर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकून पडते. पत्नींना दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला तिथूनही द्यावा लागेल.

आता त्या दगडी घराविषयी. आपण ते एप्रिल-मेमध्ये पाहिले असणार, कारण त्या दिवसांत आलेन्तेझू हिरवेगार आणि रानफुलांनी भरलेले असते. जानेवारीतला अनुभव वेगळा असतो. जाड दगडी भिंती उन्हाळ्यात घर गार ठेवतात, त्याच हिवाळ्यात ओल धरतात. जुन्या घरांना मध्यवर्ती उष्णतेची सोय नसते, त्यामुळे कित्येकदा बाहेर उन्हात बरे वाटते आणि आत स्वेटर घालून बसावे लागते. गॅस आपल्यासारखाच सिलिंडरने येतो आणि तो उचलून आणणारे कोणीतरी लागते. पाव, मासे, भाजी विकणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत गावात येतात. बाकी सामानासाठी तालुक्याच्या गावी जावे लागते. बस असली तरी शाळांच्या सुट्टीत तिच्या फेऱ्या घटतात. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. जाहिरातींत दिसणारी फार स्वस्त घरे बहुधा उत्तरेकडच्या, मध्य पोर्तुगालच्या डोंगराळ, निलगिरी-पाइनच्या भागातली असतात. तिथेच पेद्रोगाँव ग्रांद येथे १७ जून २०१७ रोजी लागलेल्या वणव्यात ६६ माणसे गेली. त्यांतील अनेक जण मोटारीतून निसटताना रस्त्यावरच सापडले. रानालगतच्या घरांभोवतीचा झाडोरा साफ ठेवणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. ते काम साठीत होईल, ऐंशीत कोण करणार?

खरेदीच्या वेळी जमिनीची नोंद ‘रूश्तिकू’ (शेतीची) आहे की ‘उर्बानू’ (बांधकामाची), हे पाहणे आवश्यक आहे. आपल्याकडे एनए नसलेल्या जमिनीवर बांधलेल्या बंगल्याची जी अवस्था होते, तीच तिथे शेतीची नोंद असलेल्या जागेवरच्या ‘घरा’ची होते, भिंती आणि छप्पर असते, पण राहण्याचा परवाना नसतो. वारसांची नावे न लागलेल्या मिळकतीही पुष्कळ आहेत. म्हणून पहिली दोन वर्षे भाड्यानेच राहावे. व्हिसासाठीही राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, तो वर्षभराच्या भाडेकराराने भागतो.

त्याहीआधी एक गोष्ट करावी. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या पर्यटक व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने तिथल्या खेड्यात भाड्याच्या घरात काढा, आणि त्यातले काही दिवस पत्नींनी मुद्दाम एकटीने काढावेत. आपण तेवढ्या वेळात मुलीकडे जाऊन यावे. औषधे आणणे, सिलिंडर मागवणे, आरोग्य केंद्रात नावनोंदणीची चौकशी करणे, शेजारणीशी दोन शब्द बोलणे हे त्यांना जमते का आणि आवडते का, हे तेव्हा कळेल. परवानाधारक रहिवाशाला सार्वजनिक आरोग्यसेवेत नाव नोंदवता येते, मात्र कुटुंब-डॉक्टरांची टंचाई तिथे मोठी आहे आणि आलेन्तेझूतील मोठी रुग्णालये एव्होरा, बेझा, पोर्तालेग्र अशा मोजक्या शहरांत आहेत. आपली इथली आरोग्य विमा पॉलिसी बहुधा भारतातील उपचारांपुरतीच असते. तरीही ती बंद करू नये, कारण साठीनंतर नवी मिळवणे अवघड होते. गाव निवडताना या शहरांपासून अर्ध्या तासाच्या आत, आणि दवाखाना, औषधाचे दुकान, किराणा यांपर्यंत पायी जाता येईल असेच निवडावे. शेतातले एकाकी घर कितीही मोहक वाटले तरी ते आपल्यासाठी नाही. माणसांत असलेले लहान गाव आपल्याला हवी ती शांतता देईल.

ताई, आपल्या ओळीचे उत्तर आपल्यालाच देतो. संकटात ११२ हा क्रमांक आहे, पण हाक मारायला शेजारी लागतात आणि शेजारी भाषेने मिळतात. खेड्यातील वयस्क माणसांना इंग्रजी फारसे येत नाही. पणजीत पोर्तुगीज शिकवणारे केंद्र आहे, ऑनलाइन वर्गही मिळतात. आपण आयुष्यभर शिकवलेत, आता वर्षभर शिकावे आणि यजमानांच्या आधी शिकावे. गाडी शिकण्याची इच्छा नसेल तर शिकू नका. मग गाव बसच्या रस्त्यावरचेच, ही अट आपण घाला. हे सारे करूनही मन तयार होत नसेल, तर नाही म्हणण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि त्या नकाराला यजमानांनी बेतातला अडथळा समजू नये.

राहता राहिले इच्छापत्र. युरोपीय संघाच्या वारसाविषयक नियमानुसार, ऑगस्ट २०१५ पासून, माणूस जिथे कायम राहत होता तिथला कायदा त्याच्या वारशाला लागतो. मात्र आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लागावा, असे इच्छापत्रात स्पष्ट लिहिता येते. पोर्तुगीज कायद्यात जोडीदार आणि मुलांचा वाटा ठरलेला असतो, त्यामुळे न लिहिता गेल्यास घर पत्नी आणि मुलगी यांच्यात विभागले जाईल आणि विकायचे झाले तर दोघींच्या सह्या लागतील. इच्छापत्र दोघांनी वेगवेगळे करावे, भारतीय मिळकतीचे पुण्यात आणि तिथल्या मिळकतीचे तिथल्या नोटरीसमोर, आणि एकाने दुसरे रद्द होणार नाही अशी भाषा वकिलाकडून घालून घ्यावी. अंत्यविधीविषयीची इच्छाही त्यातच लिहावी, कारण तिथे मृत्यूनंतर २४ तासांच्या आत दहन करता येत नाही आणि दाहिनी प्रत्येक गावाजवळ नसते. मुलीला त्या दिवशी कोणाला फोन करायचा हे आधी माहीत असले पाहिजे.