पहिल्या लिव्हर रायफलीसाठी कोणता बोअर निवडावा?

प्रश्न : स. न. वि. वि. मी व्यापारी जहाजावरून निवृत्त झालेला इंजिनिअर असून गुहागर तालुक्यात राहतो. आमच्या आगरासाठी वडिलांच्या काळापासून पीकसंरक्षणाचा परवाना आहे आणि घरात एकनळी बारा बोअर आहे. थोरला मुलगा अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, स्थायिक झाला असून त्याच्या घरामागे चार एकर जागा आहे. त्याला आता लिव्हरची, म्हणजे चापाभोवतीची दांडी खाली-वर करून पुढचे काडतूस चढवायची, रिमफायर रायफल घ्यायची आहे. चौदा वर्षांच्या माझ्या नातीला नेमबाजी शिकवायची आणि भाजीचे वाफे फस्त करणाऱ्या ग्राउंडहॉगांचा बंदोबस्त करायचा, हे दोन हेतू आहेत. दुकानदाराने त्याच्यापुढे .२२ लाँग रायफल, .२२ मॅग्नम आणि .१७ एचएमआर असे तीन बोअर, म्हणजे काडतुसांची तीन मापे, ठेवले आहेत. माझा कल मॅग्नमकडे आहे, कारण घ्यायचीच तर जोरकस घ्यावी. शिवाय मॅग्नममध्ये साधी.२२ ची काडतुसेही चालवता येतील, असे मला वाटते. आपला सल्ला कळवावा. ती रायफल पुढे गावी आणता येईल का, तेही सांगावे.
— एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : आपल्या पत्रातील एका समजुतीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यामुळे एखाद्याच्या डोळ्याला इजा होऊ शकते. .२२ मॅग्नमच्या रायफलीत साधे .२२ लाँग रायफलचे काडतूस कधीही घालू नये. दोन्ही गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखा असला तरी मॅग्नमचे पितळी नळकांडे जाड असते. त्याचा व्यास सुमारे ०.२४२ इंच आणि साध्या .२२ चा सुमारे ०.२२६ इंच आहे. हा फरक बोटाला जाणवत नाही, पण साधे काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या काडतुसाच्या खोबणीत, सैल बसते, उडवल्यावर त्याचे पितळ फुगून फाटू शकते आणि तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. आपली समजूत कशामुळे झाली असावी याचा अंदाज मला करता येतो. .२२ शॉर्ट, .२२ लाँग आणि .२२ लाँग रायफल ही तिन्ही काडतुसे लाँग रायफलच्या बहुतेक लिव्हर रायफलींमध्ये खरोखरच चालतात, कारण ती एकाच घराण्यातली आहेत. शॉर्ट १८५७ मधले, लाँग १८७१ मधले आणि लाँग रायफल १८८७ मधले. मॅग्नम मात्र विंचेस्टर कंपनीने १९५९ मध्ये वेगळ्या मापावर आणले. .१७ एचएमआर हे हॉर्नडी कंपनीचे २००२ मधले काडतूस असून ते त्याच मॅग्नमची मान आवळून तयार केलेले आहे. तेव्हा रायफल ज्या बोअरची घ्याल, त्याच बोअरचे काडतूस शेवटपर्यंत विकत घ्यावे लागेल, हे धरूनच निवड करावी.

रिमफायर काडतुसाला आपल्या बारा बोअरच्या काडतुसासारखी बुडाच्या मध्यभागी टोपी नसते. पेटणारे मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि घोडा पडला की पिनेचा फटका त्या कडेवर बसतो. ओहायोत राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे मी लिव्हरची .२२ पहिल्यांदा हाताळली, तेव्हाचे उडवलेले एक नळकांडे मी अजून जपून ठेवले आहे. त्याच्या कडेवर नखाने दाबल्यासारखी एक चौकोनी खूण आहे. कडेचे पितळ असे एकदा दबले की त्या काडतुसात घरी पुन्हा दारू भरता येत नाही, त्यामुळे आयुष्यभर दुकानावरच अवलंबून राहावे लागते आणि काडतुसाच्या किमतीला महत्त्व येते. कडेतल्या या मिश्रणाचा लिव्हर रायफलीला एक फायदाही आहे. अशा रायफलीत नळीखाली लांब नळकांड्यासारखे मॅगझिन असते आणि त्यात काडतुसे एकामागे एक, टोकाला बूड लागून, ओळीने बसतात. मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांच्या बाबतीत टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटण्याचा धोका असतो; रिमफायरमध्ये त्या जागी टोपीच नसल्यामुळे .१७ एचएमआरची टोकदार गोळीसुद्धा तिथे निर्धास्तपणे भरता येते.

आता तिघांच्या ताकदीकडे वळू. साध्या .२२ ची नेहमीची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, गोळी सेकंदाला साधारण १,२०० ते १,२५० फूट वेगाने निघते आणि तिची ऊर्जा १९० ज्यूलच्या आसपास असते. मॅग्नम तेवढ्याच वजनाची गोळी सुमारे १,९०० फूट वेगाने फेकते आणि ऊर्जा ४२० ज्यूलच्या पुढे जाते. .१७ एचएमआरची गोळी अवघी १७ ग्रेनची, म्हणजे जेमतेम १.१ ग्रॅमची असते, पण तिचा वेग २,५५० फूट असतो. साधी .२२ नळीच्या तोंडाशी जेवढी ऊर्जा घेऊन निघते, जवळपास तेवढी .१७ च्या गोळीत शंभर यार्डांवरही शिल्लक असते. मार्गही तिचाच सर्वांत सरळ. साधी .२२ पन्नास यार्डांवर नेमकी लावली, तर शंभर यार्डांवर तिची गोळी सुमारे सहा इंच खाली उतरते; .१७ च्या बाबतीत एवढ्या अंतरात नेमबाजाला उंचीचा विचारच करावा लागत नाही.

हे आकडे वाचून आपला कल मॅग्नमकडे आणखी झुकेल. तरीही आपल्या चिरंजीवांनी साधी .२२ लाँग रायफलच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या नातीला सुरुवातीच्या वर्षात शेकडो, पुढे हजारो गोळ्या उडवाव्या लागतील. नेम तसाच बसतो, आणि साध्या.२२ चे काडतूस तिथल्या बाजारात सर्वांत स्वस्त असते, तर बाकीच्या दोहोंना तिप्पट-चौपट दाम मोजावे लागतात. काडतूस महाग झाले की सराव आटतो, आणि सराव आटला की मॅग्नमची जादा ऊर्जा चुकीच्या जागी जाऊन पडते. शिवाय साध्या .२२ ला धक्का जवळजवळ नसतो आणि आवाजही मॅग्नमच्या मानाने सौम्य असतो, त्यामुळे चाप ओढताना डोळे मिटण्याची सवय मुलांना लागत नाही. ही सवय एकदा लागली की ती घालवायला वर्षे जातात, हे मी माझ्याच भाचीच्या बाबतीत पाहिले आहे. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफलचे प्रकारही याच काडतुसावर होतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या, प्रकारात जगज्जेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले, ते .२२ लाँग रायफलच्या गोळीनेच. हे काडतूस हलके आहे म्हणून दुय्यम आहे, असे कोणी समजू नये.

ग्राउंडहॉग हा मुंगसाहून बराच जाड, बिळात राहणारा, दोन ते सहा किलो वजनाचा प्राणी आहे. घरामागच्या वाफ्यात तो बहुधा तीस-चाळीस पावलांवर सापडतो, आणि एवढ्या अंतरावर चांगल्या नेमाची .२२ डोक्यात बसली की तो जागीच राहतो. तो शंभर यार्डांवरच्या बांधावरच दिसत असेल, तर मात्र मॅग्नम किंवा .१७ घेणे सयुक्तिक ठरेल. त्या अंतरावर साध्या.२२ ने प्राणी जखमी होऊन बिळात जाण्याची आणि तिथे तडफडून मरण्याची भीती असते. चार एकरांच्या जागेत एवढे मोकळे अंतर सहसा मिळत नाही. तिथल्या राज्याचे शिकारीचे नियम आणि परवाना चिरंजीवांनी आधी पाहून घ्यावेत, हे वेगळे सांगायला नको.

साध्या .२२ चा एक दोष मात्र मी मनापासून बजावून सांगतो. तिची गोल टोकाची मऊ शिशाची गोळी कठीण जागी लागली की फुटण्याऐवजी उसळते, आणि तिची जास्तीत जास्त मजल दीड मैलापर्यंत जाते. आपल्याकडचा कातळसडा डोळ्यांसमोर आणा. जांभ्याच्या उघड्या पाठीवर तिरकी लागलेली गोळी कोणत्या वाडीवर जाऊन पडेल, ते सांगता येत नाही, आणि खाडीच्या पाण्यावरूनही ती तशीच उसळते. .१७ ची प्लास्टिकच्या टोकाची गोळी जिथे लागते तिथेच बहुधा चुरा होते, त्यामुळे या बाबतीत ती उजवी आहे. मात्र याच गुणामुळे खाण्यासाठी मारलेल्या लहान प्राण्याचे मांस ती नासवते. पेनसिल्व्हेनियातही चिरंजीवांनी निशाणामागे मऊ मातीचा, दगड वेचून काढलेला, माणसाच्या उंचीहून उंच बांध घालावा आणि त्यानंतरच नातीच्या हाती रायफल द्यावी.

रायफल निवडताना लिव्हर किती खाली जाते आणि बोटे कुठे येतात, ते नातीच्या हातूनच पाहावे. ब्राउनिंग कंपनीच्या बीएल-२२ रायफलीत लिव्हर फक्त ३३ अंश फिरते आणि चापही तिच्याबरोबरच खाली येतो, त्यामुळे लहान हाताची बोटे मध्ये सापडत नाहीत. हेन्री कंपनीची साधी .२२ अधिक प्रचलित असून तिच्यात लाँग रायफलची १५ काडतुसे मावतात. तिच्याच मॅग्नममध्ये ११. भरायची पद्धत सोपी आहे. नळीखालच्या मॅगझिनच्या टोकाची खाचदार टोपी थोडी फिरवायची, आतली पितळी नळी वर ओढायची आणि भोकातून काडतुसे बूड खाली करून एकेक सोडायची. प्रत्येक काडतूस उतरताना नखभर आवाज येतो आणि तो मोजूनच किती भरली ते कळते. रिकामी करताना मात्र डोळ्यांनीच खात्री करावी, कारण पितळी नळी बाहेर काढली तरी एक काडतूस चेंबरमध्ये राहिलेले असू शकते.

गावी आणण्याविषयी थोडक्यात सांगतो. भेटीला येताना ती सामानातून आणता येणार नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे शस्त्र देशात आणायलाच परवाना लागतो. चिरंजीव कायमचे परत येणार असतील, तर निघण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालय आणि सीमाशुल्क खाते या दोन्हींकडून लेखी उत्तर घ्यावे. आपला पीकसंरक्षणाचा परवाना आपल्या नावाच्या त्या एका बारा बोअरपुरता आहे, हेही त्यांना सांगून ठेवावे.

प्रश्न : माझी देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. रानडुकरे नव्या कलमांची आळी उकरतात आणि खालच्या भाताची वाट लावतात. बारा बोअर बदलून .२२ मॅग्नम घेतली, तर आवाज कमी होईल आणि नेम लांबून साधेल, असे एका स्नेह्याने सुचवले आहे. ते योग्य आहे का?
— एक बागायतदार, ता. देवगड

उत्तर : योग्य नाही. पूर्ण वाढलेला डुक्कर शंभर किलोच्या घरात जाऊ शकतो. त्याच्या खांद्यावरची कातडी आणि खालची चरबी जाड असते. ४०० ज्यूलच्या हलक्या गोळीने तो बहुधा मरत नाही, जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या वाटेने जाणाऱ्या गुराख्यावर किंवा लाकडे गोळा करणाऱ्या बाईवर उलटतो. रिमफायरचा कोणताही बोअर या कामाचा नाही, आणि लिव्हर असो वा बोल्ट (हाताने मागे-पुढे ओढायचा दांडा), त्याने यात फरक पडत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे, आणि पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबतही कलम ११ खालील अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय गोळी घालता येत नाही. नुकसान दिसताच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज करावा. पंचनामा होईपर्यंत उकरलेली आळी बुजवू नयेत, कारण खुरांच्या आणि मुस्कटाच्या खुणा हाच आपला पुरावा असतो.

प्रश्न : मी मालवणजवळ राहतो आणि क्लबमध्ये .२२ वर सराव करतो. पावसाळ्यानंतर काही काडतुसे फुसकी जातात. दोष रायफलीचा की हवेचा?
— एक नेमबाज, मालवण

उत्तर : दोन्हीकडे पाहावे लागेल, पण आधी काडतुसांचा संशय धरा. साध्या .२२ मध्ये गोळीची निमुळती टाच पितळात फक्त आवळून बसवलेली असते, त्यामुळे सांध्यातून दमट हवा आणि त्याहून जास्त बंदुकीचे तेल आत झिरपू शकते. तेलकट हाताने काडतुसे भरू नयेत, आणि पेटी उघडली की उरलेली काडतुसे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. काडतूस न उडाल्यास नळी निशाणाकडे तशीच धरून निदान तीस सेकंद थांबावे, कारण उशिरा पेट घेणारे काडतूस क्वचित का होईना भेटते. मग ते काढून कडेवरची खूण पाहावी. खूण खोल आणि ठसठशीत असेल तर त्या जागी कडेत मिश्रण कमी पडले असावे. क्लबच्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली ते अर्धे फिरवून पुन्हा घातले की बऱ्याचदा उडते. खूण पुसट असेल तर पिनेच्या वाटेत मेण, काजळी किंवा घट्ट झालेले तेल साचले आहे, असे समजून बोल्ट खोलून स्वच्छ करावा.

खाऱ्या वाऱ्यात रायफल कातडी किंवा कॅनव्हासच्या पिशवीत पावसाळाभर बंद ठेवू नये. पिशवी ओल धरते आणि गंज चढतो. कोरड्या कापडाने पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, हवा खेळत्या कुलूपबंद कपाटात उभी ठेवावी, आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एकदा बाहेर काढून नळीत उजेडाकडे पाहावे. त्यापूर्वी बोल्ट काढलेला असावा आणि चेंबर रिकामे असल्याची खात्री केलेली असावी.